पहाऱ्यातला खंड

हैदराबादी बोलीत ‘परसों’ या शब्दाला तारीख नसते. नारायणगुड्याच्या चौकात कुणी ‘परसों आया था’ म्हणाला, तर तो पाहुणा दोन दिवसांपूर्वी येऊन गेला असेल, दोन महिन्यांपूर्वी, किंवा मागच्या उन्हाळ्यात. मराठवाड्यातून नव्याने आलेला माणूस त्याचा अर्थ ‘परवा’ असा लावतो आणि चुकतो. चार वर्षं राहिला की तोही तसंच बोलायला लागतो. गप्पांमध्ये याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते त्याच चौकाच्या आसपास, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर. हिमायतनगरपासून नारायणगुड्यापर्यंतच्या पट्ट्यात पॅथॉलॉजी लॅब आहेत, नर्सिंग होम आहेत, कोचिंग क्लास आहेत, सी.ए. मंडळींची ऑफिसं आहेत, आणि यांतल्या बहुतेकांचा कारभार आता कुठल्या ना कुठल्या डेटाबेसवर चालतो. रिपोर्टमधला आकडा कधी बदलला, आधी किती होता, कुणी बदलला, या प्रश्नांना तिथे ‘परसों’ हे उत्तर चालत नाही. म्हणून डेटाबेसमधल्या बदलांवर नजर ठेवून त्यांची नोंद करणारा एक प्रोग्रॅम बसवतात. या धंद्यात त्याला सरळ ‘वॉचर’ म्हणतात. तो बसवण्याच्या, म्हणजे मुख्यतः त्याची कॉन्फिगरेशन फाइल लिहिण्याच्या कामातून माझं एक मत बनलं आहे. वॉचरने काय काय पाहावं हे ठरवण्याआधी, आपण कधी पाहत नव्हतो हे तो कसं लिहून ठेवेल, ते ठरवावं.

डॉक्युमेंट डेटाबेस कशाला म्हणतात ते थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये तक्ते असतात आणि प्रत्येक ओळीला ठरलेलेच रकाने. लॅबच्या रिपोर्टला ही शिस्त जाचते, कारण हिमोग्लोबिनच्या तपासणीत एक आकडा असतो, लघवीच्या तपासणीत दहा-पंधरा बाबी असतात आणि कल्चरच्या रिपोर्टमध्ये औषधांची अख्खी यादी असते. डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये प्रत्येक रिपोर्ट हा स्वतंत्र कागद. ज्याला जेवढे रकाने लागतील तेवढे त्याने घ्यावेत. २००९ मध्ये आलेला मोंगोडीबी हा या जातीतला सर्वांत माहितीचा. त्यात झालेले बदल बाहेरच्या प्रोग्रॅमला अधिकृतपणे ऐकता येण्याची सोय २०१७ च्या ३.६ या आवृत्तीपासून आली, तिला चेंज स्ट्रीम म्हणतात. तोवर लोक डेटाबेसच्या अंतर्गत वहीत मागच्या दाराने डोकावून तेच काम करत होते. आता ते दहा-बारा ओळींत होतं, आणि इतकं सोपं होतं म्हणूनच त्यात विचार करायचं राहून जातं. प्रात्यक्षिक छान दिसतं. एका खिडकीत आकडा बदलला की दुसऱ्या खिडकीत त्याची नोंद उमटते आणि सगळे खूश होतात. प्रात्यक्षिकात वॉचर मधेच बंद करून कुणी दाखवत नाही.

मराठी माणसाला ही गोष्ट सातबाऱ्यावरून लगेच कळावी. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो, आणि ती स्थिती कशी झाली हे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला, की तलाठी फेरफार धरतो, नोटिसा निघतात, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि मग ती सातबाऱ्यावर येते. डॉक्युमेंट म्हणजे सातबारा आणि वॉचरचा लॉग म्हणजे फेरफार, इथवर तुलना कुणीही करील. मला त्या वहीतल्या दोन जुन्या सवयी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली सवय ओळीने चालणाऱ्या फेरफार क्रमांकांची. एकशे बारानंतर एकशे चौदा आला तर मधलं पान गेलं आहे हे वाचता येणाऱ्या कुणालाही दिसतं; त्या पानावर काय होतं ते कळत नाही, पण काहीतरी होतं हे लपत नाही. दुसरी सवय कंसाची. जुन्या मालकाचं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. महसूल खात्याच्या कारभाराबद्दल तक्रारी करायला जागा पुष्कळ आहे आणि मी त्या ऐकल्याही आहेत, पण वहीची ही रचना ज्यांनी केली त्यांना माणूस विसरतो, चुकतो आणि कधीकधी मुद्दाम चुकतो, हे पक्कं ठाऊक होतं. आपल्या कॉन्फिगरेशन फाइलीत हा संशय उतरत नाही. तिथे गृहीत असतं की वॉचर चालूच राहणार.

तो चालू राहत नाही. मशिन रीस्टार्ट होतं, नेटवर्क जातं, लॉगची डिस्क भरते, पासवर्ड बदललेला असतो आणि वॉचरला कुणी सांगितलेला नसतो. अशा वेळी मदतीला येते ती डेटाबेसची स्वतःची वही, ऑपलॉग. मोंगोडीबी आपल्या प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवण्यासाठी प्रत्येक बदल त्यात लिहितो आणि चेंज स्ट्रीम त्यावरच उभी आहे. (म्हणूनच एकट्या सुट्या सर्व्हरवर ती चालत नाही, छोट्या ऑफिसात एकच मशिन असेल तर त्याचाच एका सभासदाचा रेप्लिका सेट, म्हणजे प्रतींचा संच, करून घ्यावा लागतो.) प्रत्येक घटनेसोबत वॉचरला एक टोकन मिळतं. ते जपून ठेवलं तर पुन्हा सुरू होताना ‘इथपासून पुढचं सांग’ असं म्हणता येतं. मात्र ऑपलॉगला आकाराची मर्यादा आहे. भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या येतात. वेगळं काही सांगितलं नाही तर मोकळ्या डिस्कच्या पाच टक्के जागा तो घेतो, कमीत कमी ९९० एमबी आणि जास्तीत जास्त ५० जीबी. म्हणजे मागे वळून पाहण्याची मुदत दिवसांवर नसून कामाच्या गर्दीवर ठरते. शांत आठवड्यात जो ऑपलॉग दहा दिवस पुरतो, तोच एखादा मोठा डेटा आत ओतला की काही तासांत वाहून जातो. ४.४ या आवृत्तीपासून ‘निदान इतके तास तरी ठेव’ असं सांगता येतं. ती एक ओळ कॉन्फिगरेशनमध्ये लिहायला मिनिटही लागत नाही, पण किती तास लिहायचे हे ठरवताना ‘वॉचर बंद पडला तर ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत किती वेळ जातो’ या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागतं. शनिवारी संध्याकाळी बंद पडला आणि सोमवारी दुपारी कळलं, असं होत असेल तर चोवीस तासांना अर्थ नाही.

यातली सर्वांत फसवी जागा गजबजलेल्या कलेक्शनमध्ये (म्हणजे एका प्रकारच्या कागदांच्या गठ्ठ्यात) नसून शांत कलेक्शनमध्ये असते. कोचिंग क्लासच्या फीचा तक्ता घ्या. तो जूनमध्ये बदलतो आणि मग वर्षभर कुणी त्याला हात लावत नाही. वॉचरला फक्त त्यावरच नजर ठेवायला सांगितलं आणि घटना आली तरच टोकन साठवायचं ठेवलं, तर डिसेंबरातही त्याच्या हातात जूनचं टोकन असतं. इतर कलेक्शनमध्ये रोज हजारो बदल होऊन ऑपलॉग कितीतरी वेळा फिरून गेलेला असतो. डिसेंबरात मशिन रीस्टार्ट झालं की वॉचर जूनचं टोकन पुढे करतो आणि ‘इतिहास हरवला’ असा एरर येतो. ज्या जागी काहीच घडलं नाही तिथलाच धागा तुटतो. यावर उपाय आहे. नव्या आवृत्त्यांत सांगण्यासारखं काही नसलं तरी सर्व्हर ताजं टोकन देत राहतो, ते ठरावीक वेळाने साठवायचं. डेबेझियमसारख्या तयार साधनात यासाठी हार्टबीटची सोय आहे. रात्रीच्या गुरख्याने काही घडलं नाही तरी तासातासाला काठी आपटायची असते, ती याचसाठी.

इतकं करूनही कधी ना कधी तो एरर येतोच, आणि तो आल्यावर काय करायचं हे कॉन्फिगरेशनमधलं खरं नाजूक कलम. सोपा रस्ता असा की टोकन चाललं नाही तर आत्तापासून सुरू कर. वॉचर पुन्हा उभा राहतो, पडद्यावर हिरवा दिवा लागतो, कुणाचा फोन येत नाही. पण लॉग वाचणाऱ्याला शुक्रवारच्या शेवटच्या नोंदीनंतर मंगळवारची पहिली नोंद दिसते आणि मधले दिवस काही बदललंच नाही असं वाटतं. असा लॉग खोटं बोलत नाही, पण गप्प राहून दिशाभूल करतो. माझ्या मते इथे वॉचरने तीन गोष्टी केल्याशिवाय पुढे जाऊच नये. या टोकनापासून या वेळेपर्यंत आपण पाहिलेलं नाही अशी नोंद त्याच लॉगमध्ये, त्याच ओळीत लिहावी. त्या कलेक्शनची आजची पूर्ण प्रत काढून आधीच्या प्रतीशी ताडून ठेवावी. आणि माणसाला कळवावं. ताडून मधले बदल कळत नाहीत, सुरुवात आणि शेवट तेवढे कळतात. पण फेरफाराच्या गहाळ पानासारखं, काहीतरी गेलं आहे हे तरी दिसतं.

नारायणगुड्यात यासाठी फार लांब दाखला शोधावा लागत नाही. इथली केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था ज्यांच्या नावाने १९४० मध्ये उभी राहिली ते केशवराव कोरटकर मराठी होते, वकील होते आणि हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्याच संस्थेचं इंजिनियरिंग कॉलेज २००७ पासून इथे आहे, म्हणजे न्यायाधीशाच्या नावाच्या आवारात मुलं आज डेटाबेस शिकतात. कोर्टात साक्षीदाराला उलटतपासणीत पहिले प्रश्न विचारतात ते घटनेबद्दलचे नसतात. तुम्ही कुठे उभे होता, उजेड किती होता, सगळा वेळ तिथेच होता का, असे असतात. ‘मधे अर्धा तास मी घरी गेलो होतो’ असं स्वतःहून सांगणाऱ्या साक्षीदाराची बाकीची साक्ष बळकट होते. ‘हललोच नाही’ म्हणणाऱ्याला वकील एका प्रश्नात आडवा करतो. लॉग हा साक्षीदारच असतो, फक्त त्याची उलटतपासणी घ्यायची वेळ येईपर्यंत त्याला पिंजऱ्यात कुणी बोलावलेलं नसतं.

टोकन साठवण्याच्या क्रमाचाही इथेच निकाल लागतो. आधी टोकन साठवलं आणि मग लॉग लिहिला, तर दोहोंच्या मधे वीज गेल्यास ती नोंद कायमची हरवते. आधी लॉग लिहिला आणि मग टोकन साठवलं, तर तीच नोंद दोनदा येते. दुहेरी नोंद नंतर गाळता येते, कारण टोकन हेच तिची खूण असतं. हरवलेली नोंद आणता येत नाही. त्यामुळे दुसरा क्रम घ्यावा, यात मला वादाला जागा दिसत नाही. एक सावधगिरी गमतीची वाटेल, पण महागात पडते. वॉचर ज्या डेटाबेसवर नजर ठेवून आहे त्याच डेटाबेसमध्ये त्याने लॉग लिहिला आणि तो भाग वगळला नाही, तर लॉगची नोंद हाही एक बदल ठरतो, त्याची नोंद होते, तिचीही नोंद होते, आणि सकाळी डिस्क भरलेली सापडते.

यावर पहिली हरकत अशी येते की हा सगळा उपद्व्याप कशासाठी? जो अॅप्लिकेशन डेटा बदलतो त्यालाच नोंद करायला सांगा. या हरकतीत तथ्य आहे, कारण चेंज स्ट्रीम बदल कोणत्या कागदात झाला ते सांगते, पण कोणी केला ते सांगत नाही. वापरणाऱ्याचं नाव अॅप्लिकेशनलाच ठाऊक असतं, आणि बदल का केला हे तर त्याहून पलीकडचं. म्हणून अॅप्लिकेशनने प्रत्येक कागदात ‘शेवटचा बदल कुणाचा’ हा रकाना भरलाच पाहिजे. पण त्याच्यावरच विसंबलं तर जे हात अॅप्लिकेशनमधून येत नाहीत ते दिसत नाहीत. कुणी थेट डेटाबेस उघडून आकडा दुरुस्त करतो, रात्रीची एखादी स्क्रिप्ट चारशे कागद एकदम बदलते; असे बदल वॉचरलाच सापडतात. आणि कागदच डिलीट केला तर नावाचा रकानाही त्याच्याबरोबर जातो. तलाठ्याचा कंस इथे उपयोगी पडतो. आधी ‘रद्द’ अशी खूण आणि कुणी रद्द केला त्याचं नाव कागदावर लिहावं, प्रत्यक्ष काढणं नंतर. मग दोन्ही नोंदी वॉचरच्या हाती लागतात.

दुसरी हरकत याच्या उलट टोकाची. डिस्क स्वस्त आहे, सगळंच साठवा. इथे साधनाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आकडा बदलल्यावर मोंगोडीबी मुळात फक्त बदललेले रकाने सांगतो. पूर्ण कागद हवा म्हणून ‘अपडेट लुकअप’ हा पर्याय लावतात, आणि बरेच जण समजतात की तो बदलाच्या क्षणाचा कागद देतो. तो देतो आत्ताचा कागद. समजा लॅबमध्ये हिमोग्लोबिन ११.२ वरून १२.१ केलं आणि लगेच पुन्हा १२.४ केलं, तर पहिल्या बदलाच्या नोंदीसोबतही १२.४ चा कागद येऊ शकतो. मधेच डिलीट झाला असेल तर कागदाच्या जागी काहीच येत नाही. आधीचा आणि नंतरचा कागद खरोखर हवा असेल तर २०२२ च्या ६.० आवृत्तीपासून ती सोय प्रत्येक कलेक्शनवर मुद्दाम चालू करावी लागते, आणि त्या प्रती जागा खातात, म्हणून त्यांना मुदत लावावी लागते. काउचडीबी या दुसऱ्या डॉक्युमेंट डेटाबेसची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या बदलांच्या यादीत एक कागद एकदाच येतो, त्याच्या शेवटच्या बदलाच्या जागी. वॉचर थोडा मागे पडला आणि तेवढ्यात कागद पाच वेळा बदलला, तर त्याला एकच बदल दिसतो. दोन प्रती जुळवायला ते पुरेसं आहे आणि ती यादी बनली त्याचसाठी. कुणी काय फिरवलं याचा माग काढायला ते पुरत नाही. तेव्हा ‘सगळं साठवा’ म्हणणाऱ्याने आधी सांगावं, आपल्या साधनाच्या दृष्टीने ‘सगळं’ म्हणजे काय.

तिसरी हरकत मला सर्वांत जास्त ऐकू येते. आम्ही छोटे लोक, आम्हाला हे कोण विचारणार? विचारणारे आता आहेत. २०२१ मध्ये केंद्राने कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत दुरुस्ती केली आणि दोनदा पुढे ढकलून १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपनीकडे प्रत्येक व्यवहाराचा माग, प्रत्येक दुरुस्तीची तारखेसह नोंद असली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. मालकी हक्काच्या दुकानाला हे लागू नाही, पण माळ्यावरच्या लहानशा प्रायव्हेट लिमिटेडला आहे. ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं की ही नोंद वर्षभर चालू होती का आणि तिच्यात ढवळाढवळ झाली का. ‘वर्षभर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण कायदा इथे नोंदींबरोबर नोंदींतल्या खंडाबद्दल विचारतो, आणि ज्या वॉचरने आपला खंड लिहूनच ठेवला नाही त्याच्या मालकाला याचं प्रामाणिक उत्तर देता येत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस जपायला आणि घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं, ते वेगळंच. ‘परसों’ला तिथेही जागा नाही.

एका हरकतीला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आधीच्या आणि नंतरच्या प्रती साठवणारा लॉग म्हणजे रुग्णाच्या माहितीचा दुसरा साठा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. मूळ कागद पुसला आणि त्याचा पूर्वीचा चेहरा लॉगमध्ये तसाच राहिला, तर पुसलं काय? नाव, फोन, पत्ता हे रकाने लॉगमध्ये येऊच द्यायचे नाहीत, हे वॉचरच्या गाळणीतच सांगता येतं. मात्र गाळताना घटनेच्या ओळखीचा रकाना वगळला तर स्ट्रीमच बंद पडते, कारण तोच टोकन असतो. आकड्यांचे बदल ठेवायचे, माणसाच्या खुणा ठेवायच्या नाहीत, इथवर जमतं. पण रुग्णाचा क्रमांक ठेवावाच लागतो, नाहीतर कुणाचा आकडा बदलला ते कळणार नाही, आणि क्रमांकावरून माणूस शोधता येतो. फेरफाराच्या वहीला हा पेच पडला नव्हता. जमिनीचा मालक लपावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. सध्या मी क्रमांक ठेवण्याच्या बाजूचा आहे, लॉग वाचण्याचा अधिकार दोघातिघांपुरता ठेवून आणि लॉग कुणी उघडला याचीही नोंद ठेवून. ही नोंद कोण पाहणार, हा प्रश्न मग उरतोच.

बाकी कॉन्फिगरेशन तपासायची माझी पद्धत साधी आहे. महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत, सगळ्यांना सांगून वॉचर अर्धा तास बंद ठेवायचा. त्या अर्ध्या तासात एका चाचणीच्या कागदात तीन बदल करायचे आणि तो डिलीट करायचा. मग वॉचर सुरू करून चारही घटना लॉगमध्ये येतात का ते पाहायचं. पुढच्या वेळी साठवलेलं टोकनच बाजूला ठेवून तो सुरू करायचा. या खेपेला त्या चार घटना यायच्या नाहीत. त्यांच्या जागी लॉगमध्ये एक ओळ असली पाहिजे: अमुक वाजून अमुक मिनिटांपासून अमुक वाजून अमुक मिनिटांपर्यंत पाहिलेलं नाही. ती ओळ आली नाही, तर फाइल पुन्हा उघडायची.